बाळंतिणींसाठीचा मदतनिधी : सभेपूर्वीची चर्चा

एका ज्येष्ठ सभासदांचे पत्र

सर्वांस सप्रेम नमस्कार.

यंदाचा मदतनिधी अमेरिकेतील कृष्णवर्णीय मातांसोबत काम करणाऱ्या सोशल वर्करांच्या उपक्रमाला द्यावा, हा आरोग्य समितीचा प्रस्ताव वाचला. हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु बाळंतपणातले मृत्यू हा मुळात गरिबीचा आणि विम्याचा प्रश्न आहे, असे मला वाटते. त्याला वर्णाचा प्रश्न का म्हणायचे, आणि जिथे डॉक्टर आहेत तिथे सोशल वर्कर नेमके काय करणार, हे कोणी समजावून सांगितले तर सभेत मत देणे सोपे जाईल.

आरोग्य समितीच्या सदस्येचे उत्तर

आदरणीय काका,

सादर नमस्कार. न्यू जर्सीत रुग्णालयात सोशल वर्कर म्हणून रुजू झाले, तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता.

सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या. कृष्णवर्णीय मातांत हेच प्रमाण ५०.३ होते. हा फरक केवळ गरिबीचा असता, तर शिक्षण आणि पगार वाढल्यावर तो कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात २००७ ते २०१६ या काळातील मृत्यूंच्या अभ्यासात पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या पाचपट, आणि शालेय शिक्षणही पूर्ण न झालेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षाही जास्त आढळला. प्रसिद्ध कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना विल्यम्सलासुद्धा २०१७ साली बाळंतपणानंतर आपल्या फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असावी, हे नर्सला पटवून द्यावे लागले होते.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग, संबंधित बाईंच्या परवानगीने आणि ओळख न देता, सांगते. शाळेत गणित शिकवणारी, नोकरीचा चांगला विमा असलेली एक कृष्णवर्णीय स्त्री बाळंत होऊन घरी गेली. पाचव्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे फोन केला, तेव्हा तिचे डोके असह्य दुखत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि साबण लावूनही बोटातली अंगठी निघत नव्हती. तिने दवाखान्यात दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा झोप झाली नसेल, विश्रांती घ्या, एवढेच उत्तर मिळाले. मी तिला गाडी पाठवली आणि इमर्जन्सीच्या दारात जाऊन थांबले. तिथेही डोकेदुखीची रुग्ण म्हणून तिला बाकावर बसवले होते. ही पाच दिवसांची बाळंतीण आहे, रक्तदाब आत्ता मोजा, असे मी काउंटरवर उभी राहून तिसऱ्यांदा सांगितले, तेव्हा पट्टा बांधला गेला : १७२/११२, म्हणजे धोक्याच्या पातळीवर. झटके येऊ नयेत म्हणून तासाभरात मॅग्नेशियमचे सलाईन सुरू झाले. आज ती आणि तिचे बाळ दोघेही सुखरूप आहेत.

काका, आपल्या भाषेत ‘बाळंतीण’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो उच्चारला की घर सावध होते. आपल्या मुलींसाठी आई किंवा सासूबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन विमानाने येतात. या बाईंच्या घरी तसे येणारे कोणी नव्हते, आणि रुग्णालयाच्या कागदांत तर ती पाच दिवसांत निव्वळ ‘डोकेदुखी’ झाली होती. गर्भारपण आणि बाळंतपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू प्रसूतीनंतरच्या सातव्या दिवसापासून वर्षभराच्या काळात होतात आणि ८० टक्क्यांहून अधिक टाळता येण्याजोगे असतात, असे राज्यांच्या चौकशी समित्यांना आढळले आहे. औषध डॉक्टरच देतात. पण त्या बाईला वेळेत त्यांच्यासमोर नेणे, तिचे म्हणणे नोंदवायला लावणे, तपासणीसाठी वाहनाची सोय करणे, मेडिकेडचे (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) अर्ज भरणे ही कामे आमची आहेत. पूर्वी बाळंतपणासाठी मिळालेले मेडिकेड साठ दिवसांनी संपत असे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ते वर्षभर चालू ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. त्याच वर्षापासून न्यू जर्सीत डूलाचे (बाळंतपणात सोबत राहून आधार देणाऱ्या प्रशिक्षित मदतनिसाचे) मानधनही मेडिकेडमधून मिळू लागले. तरीही हे आपल्याला मिळू शकते, याची कित्येक जणींना कल्पनाच नसते.

म्हणून माझी विनंती आहे की, निधी डायपरवर खर्च न करता घरी वापरायच्या रक्तदाबयंत्रांवर आणि येण्याजाण्याच्या भाड्यावर खर्च करावा, पण तो नेमका कसा वापरायचा हे शेवटी त्या उपक्रमातील कृष्णवर्णीय स्त्रियांनीच ठरवावे. आपण केवळ मागितलेले द्यावे.

आपली नम्र,
आरोग्य समिती सदस्या

ज्येष्ठ सभासदांचे उत्तर

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. विमा असलेल्या शिक्षिकेचीही ही गत व्हावी, हे वाचून माझे मत बदलले. सभेत प्रस्तावाला अनुमोदन मी देईन. मी आता निवृत्त आहे आणि मंगळवारी व गुरुवारी गाडी घेऊन येऊ शकतो. बाळाची सीट गाडीत कशी बसवायची, ते मात्र कोणीतरी आधी शिकवावे.