'ड्राफ्ट'ला काय म्हणावं? 'मसुदा' नको, 'उचल'वरून भांडण

शिळोप्याची
एका खेळाचे नियम मराठीत लिहायला बसले आहे आणि पहिल्याच ओळीला अडले आहे.

पुण्यातल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरात एक खेळ होतो. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला. आम्ही सहा जण खेळतो. प्रत्येकाने आपल्या मनातला सवाई रचायचा. तीन दिवस, दिवसाला तीन कलाकार, हयात असोत वा नसोत. अट एकच: त्या कलाकाराने १९५३ पासून आजवर कधीतरी सवाईत हजेरी लावलेली हवी. नावं पाळीपाळीने घ्यायची. एकाने घेतलेलं नाव बाकीच्यांना बंद. शेवटी सगळ्यांचे कार्यक्रम मोठ्याने वाचायचे आणि मतं टाकायची. स्वतःला मत देता येत नाही.

या नावं घेण्याला भाचा 'ड्राफ्ट' म्हणतो. आजवर नियम इंग्रजीत होते. यंदा सांगलीची आत्या (वय ७८) खेळणार आहे, म्हणून मराठीत हवेत. भाच्याने फोनवर भाषांतर केलं तर 'काल्पनिक संगीत उत्सव मसुदा' असं आलं. आत्याने सुचवलं 'उचल': "माझी उचल झाली, आता तुझी." मला शब्द फार आवडला. पण माझा नवरा मूळचा बीडचा. तो म्हणाला, काहीही ठेव, उचल नको. दोन दिवस घरात हेच चाललंय. तुम्ही काय म्हणाल?

कुळवाडी
त्यांचं बरोबर आहे. मी गेवराई तालुक्यातला. आमच्याकडे उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. कोयत्यामागे ठरतात, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल फिटेपर्यंत ऊस तोडायचा. नाही फिटली तर पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत. "त्यानं उचल घेतलीय" म्हटलं की तो माणूस आता सहा महिने गावात दिसणार नाही, हे सगळ्यांना कळतं. माझ्या आईने हा शब्द कधी मोठ्याने उच्चारलेला मला आठवत नाही.

तिसरी_घंटा
कुळवाडी, तुमचं पटतं, पण एका भागात शब्द दुखरा आहे म्हणून सगळ्या मराठीने तो खाली ठेवायचा का? पैजेचा विडा उचलतात. पत्त्यांत पान उचलतात. गाण्यातसुद्धा "मुखडा सुरेख उचलला" म्हणतो की आपण. आत्यांच्या मनात पत्त्यांतली उचल असणार. त्यांचा अर्थ त्यांना वापरू द्या.

कुळवाडी
वापरू द्या. मी फक्त सांगितलं की त्यांच्याच घरातल्या एका माणसाला तो शब्द टोचतो. सहा जणांच्या खेळात एवढं पुरे आहे.

एडिसनकर_नाना
मूळ इंग्रजी शब्दाकडे पाहू. त्याचा गाभा 'ओढणे' असा आहे. कागदावर रेघ ओढली तो मसुदा, सैन्यात माणूस ओढला ती सक्तीची भरती, पिंपातून ओढली ती बिअर. खेळात हा शब्द पक्का झाला तो अमेरिकन फुटबॉलमुळे. एनएफएल या तिथल्या फुटबॉल लीगचा पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियात झाला. पैसेवाल्या संघांनी सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत म्हणून आदल्या हंगामातल्या सर्वांत दुबळ्या संघाने आधी निवडायचं, असा तो नियम. म्हणजे शब्दात दोन गोष्टी हव्यात: पाळी आणि न्याय. उचलमध्ये दोन्ही नाहीत.

मीटर_डाऊन
सरळ 'लिलाव' म्हणा. आयपीएलमुळे शेंबड्या पोरालाही कळतो.

एडिसनकर_नाना
लिलावात बोली लागते, इथे पैसाच नाही. गोंधळ होण्याचं कारण मात्र आहे. १९८० साली न्यूयॉर्कच्या काही बेसबॉलवेड्यांनी जो मनातल्या संघांचा खेळ सुरू केला, त्यात ते खेळाडू बोली लावूनच घेत. पाळीपाळीने घेण्याची पद्धत वेगळी. आयपीएलमध्येही दोन्ही होऊन गेलंय. डिसेंबर २०१५ मध्ये पुणे आणि राजकोट हे दोन नवे संघ आले तेव्हा निलंबित संघांचे खेळाडू पाळीने वाटले गेले. पहिली पाळी पुण्याची, त्यांनी धोनी घेतला. मग राजकोटने रैना. त्याला लिलाव म्हणणं चूक आहे.

शुद्धमती
शिवाय 'लिलाव' पोर्तुगीज आहे. आपल्याकडे 'वरण' हा शब्द असताना उसनवारी कशाला? यज्ञात ऋत्विजांचं वरण करतात, स्वयंवरात वराचं. 'कलावंत-वरण' हा अर्थवाही शब्द होईल.

तिसरी_घंटा
शुद्धमतीताई, वरण म्हटल्यावर मराठी माणसाला आधी ताट आठवतं, यज्ञ नाही. आणि उसनवारीचं म्हणाल तर 'मैफल' अरबी, 'जलसा' अरबी, 'हजेरी' अरबी. गाण्याच्या मराठीतून हे शब्द काढले तर मागे काय उरेल?

शुद्धमती
जे रुळले ते राहू द्यावेत, हे मलाही मान्य आहे. नवा शब्द घडवायची वेळ येते तेव्हा तरी आपल्या मुळांतून घडवावा, एवढंच माझं म्हणणं. 'निवड' तरी म्हणा.

जुन्नरी
मला आश्चर्य वाटतं की इतक्या वेळात कुणालाच नारायणगाव आठवलं नाही. तुम्ही ज्याला नवा खेळ म्हणताय तो आमच्या तालुक्यात दर वर्षी खराखुरा होतो. चैत्राच्या जत्रा जवळ आल्या की तमाशाचे फड नारायणगावात राहुट्या टाकतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, राहुटी-राहुटीत बसतात, तारीख सांगतात. चांगल्या फडाची अष्टमीची रात्र एका गावाने घेतली की ती दुसऱ्या गावाला बंद. मी वडिलांबरोबर गेलो आहे. आमचं गाव लहान, पैसा थोडा, त्यामुळे पहाटेच निघायचं. उशीर झाला तर मनातला फड गेलेला असायचा, आणि एस्टीत परत येताना वडील एक शब्द बोलायचे नाहीत.

आता या घेण्याला शब्द काय? 'सुपारी'. "वाडीची सुपारी झाली का?" म्हणजे त्या गावाचा कार्यक्रम ठरला का. कलावंत आणि गाव यांच्यातला तो शब्द होता. मुंबईच्या गुन्हेगारीच्या बातम्यांनी तो असा नासवला की आज घरात उच्चारायला नको वाटतं. मी तर म्हणतो, तुमच्या खेळाने तो परत आणावा. "माझी सुपारी झाली, आता तुझी."

आणि प्रत्येकाच्या नऊ जणांच्या यादीला 'फड' म्हणा. गंमत म्हणजे फड उसाचाही असतो, कुस्तीचाही आणि तमाशाचाही.

कुळवाडी
जुन्नरी, सुपारीचं पटलं. पण पोरांना सांगणार कसं? "आजीने किशोरीताईंची सुपारी दिली" हे वाक्य शेजाऱ्यांनी ऐकलं तर काय समजतील?

जुन्नरी
एकदा समजावून सांगू. शब्द सोडून दिले की चोरांचे होतात.

सातारी_सून
आमच्या वाड्यात लहानपणी भिडू वाटायची रीत होती. सारख्या ताकदीच्या दोघी जोडी करून लांब जायच्या, कानात नावं ठरवायच्या आणि गळ्यात गळा घालून यायच्या: "कुणाला हवा मोगरा, कुणाला हवी जुई?" पुढारणीला माहीत नसायचं मोगरा कोण. त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप सारख्या पडायच्या. नाना म्हणतात तो न्याय यात पुरेपूर आहे. तेव्हा साधं 'भिडू घेणे' का नको? आणि लहानग्यांना खेळात घ्यायचं असेल तर 'दूधभात' हा शब्द आहेच.

तिसरी_घंटा
कलाकारांना भिडू म्हणवत नाही हो. गंगूबाई हनगल आणि भिडू?

शिळोप्याची
सातारी_सून, 'भिडू घेणे' आवडलं, पण तिसरी_घंटा म्हणतात ती अडचण मलाही वाटली. सुपारी आत्याला सांगितली तर ती एकदम खूश झाली. तिच्या लहानपणी घरी गवयाला बोलावताना हाच शब्द होता म्हणे.

जाता जाता अजून एक शब्द. पाळी सरळ जात नाही. पहिल्या फेरीत एक ते सहा, दुसरीत सहा ते एक. इंग्रजीत सापावरून नाव आहे. मी 'नागमोडी पाळी' लिहिलंय. चालेल?

आणि तुम्हाला विचारणारच होते. आत्याने कालच जाहीर केलं की तिचं पहिलं नाव खुद्द सवाई गंधर्वांचं. भाचा म्हणतो बाद.

पेटीवाला
बादच. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ साली गेले. पुढच्या वर्षी भीमसेनजींनी गुरूच्या स्मृतीसाठी हा महोत्सव सुरू केला. स्वतःच्या पुण्यतिथीच्या उत्सवात ते गातील कसे?

तिसरी_घंटा
थांबा, थांबा. महोत्सवाची सांगता कशाने होते? त्यांच्याच ध्वनिमुद्रित भैरवीने. शेवटचा कलाकार उठतो आणि ती तबकडी लागते, "बिन देखे परे नाहीं चैन". आख्खा मांडव निश्चल बसून ऐकतो. मी रमणबागेतही ऐकलंय आणि आता मुकुंदनगरलाही. वर्षानुवर्षं भैरवीचा मान ज्यांचा आहे, त्यांची तिथे हजेरी नाही म्हणायची?

पेटीवाला
हजेरी म्हणजे हजर असणं. शाळेच्या हजेरीपटात मुलाच्या फोटोला 'उपस्थित' म्हणत नाहीत.

जुन्नरी
हजेरी फक्त शाळेत नसते, पेटीवाले. देवीपुढे, दर्ग्यापुढे कलावंत 'हजेरी लावतो' तेव्हा तो सेवा रुजू करतो. सवाईत गवई याच अर्थाने हजेरी म्हणतात, गुरूच्या पायाशी. आता ज्याच्यापुढे हजेरी लावायची त्याचीच हजेरी कशी धरणार, हा खरा पेच आहे. देव स्वतःच्या देवळात हजेरी लावत नाही.

शुद्धमती
फार चांगला मुद्दा. या अर्थाने आत्यांचं नाव बसत नाही, पण पेटीवाले देतात त्या कारणासाठी नव्हे.

सातारी_सून
मला हे ऐकवत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई पहिल्यांदा खेळणार आहेत आणि आपण त्यांना हजेरीपट दाखवतोय. नियमात शब्द बदला. "ज्यांचा सूर त्या मांडवात लागला आहे असे कलाकार." मराठीत सूर *लागतो*. दिवा लागतो तसा. कुणी लावला, कुठून आला, तो माणूस तेव्हा कुठे होता, हे सांगायची या क्रियापदाला गरज नाही.

एडिसनकर_नाना
व्याकरण बिनचूक आहे, पण खेळ मोडेल. उद्या कुणी म्हणेल मध्यंतरात ध्वनिक्षेपकावर अमुक तबकडी ऐकली, द्या मला तेही नाव.

सातारी_सून
मांडवात लोक जेवायला उठलेले असताना वाजलेली तबकडी आणि सगळे निश्चल बसलेले असताना वाजलेली तबकडी, यांतला फरक सहा जणांच्या घराला कळत नसेल तर त्यांनी हा खेळ खेळू नये.

पेटीवाला
रात्रभराच्या सवाईला गेलेला माणूस आहे मी. वडिलांची शाल, थर्मास, खाली सतरंजी. त्या भैरवीला पहाट झालेली असायची. मग २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करायला लावले, एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत. ललत, भैरव, तोडी हे पहाटे-सकाळचे राग त्या रात्रीच्या बैठकीतून गेले. तेव्हा मी कोरडेपणाने बोलतोय असं समजू नका. तुमच्या मनातल्या सवाईला दहाची मर्यादा आहे की नाही, हे मात्र नियमात लिहा. मनातलाच महोत्सव असेल तर तो रात्रभर चालायला हवा, आणि मग शेवटची बैठक ही सर्वांत मानाची. भाच्याकडचं गणित वेगळं असेल. तिकडच्या महोत्सवाच्या जाहिरातीत मोठं नाव ठळक अक्षरात सर्वांत वर असतं. आपल्याकडे कार्यपत्रिकेत ते तळाशी.

अजून एक. साथीदार मोजता का? नियमात 'कलाकार' म्हटलंय. तबला, पेटी यांना तुम्ही कलाकार धरत नसाल तर 'गवई' लिहा. धरत असाल तर नऊ जणांत ते कसे बसणार?

तिसरी_घंटा
'साथीदार' नको, 'संगतकार' म्हणा.

पेटीवाला
'संगतकार' हिंदी वळणाचा आहे. आम्ही पेटीवाले स्वतःला साथीदारच म्हणतो. साथ करणे, साथीला बसणे.

शुद्धमती
'साथसंगत' हा जोडशब्द मराठीत आहे की. दोन्ही अंगं त्यात आली.

शिळोप्याची
साथीदारांचा विचारच केला नव्हता. दहाची मर्यादा ठेवू नये, हे मात्र नवऱ्याने, भाच्याने आणि आत्याने एकमुखाने मान्य केलं. गेल्या चार दिवसांतली ही पहिली एकवाक्यता.

रविवारी बसतोय. पाळ्यांच्या चिठ्ठ्या काल टाकल्या, आत्याची पहिली निघाली. नियमांच्या कागदावर 'ड्राफ्ट'च्या जागी अजून रेघ आहे. नवऱ्याला सुपारी चालते, भाच्याला चालत नाही. आत्या म्हणते, दोन्ही खोडा आणि 'घेणं' लिहा, नाव घेणं, उखाण्यात घेतो तसं. हजेरीची ओळ मी अजून तशीच ठेवली आहे.

कुळवाडी
'नाव घेणं' चांगलं आहे.

तुमच्या नागमोडी पाळीचं उत्तर राहिलं. 'नागमोडी' लिहायची गरज नाही. शेतात कुळव मारण्यालाही पाळीच म्हणतात: "दोन पाळ्या घातल्या." बैल बांधापर्यंत जातात आणि तिथूनच वळून उलटे येतात, परत पहिल्या टोकाला जाऊन सुरुवात कुणी करत नाही. माझ्या मते खेळातली पाळी तिथूनच आली.

शुद्धमती
ती व्युत्पत्ती मला पटत नाही. 'आळीपाळी'चं काय मग?