मदत हवी आहे: वहाळाकाठची कॅडिस माशी नेमकी कोणत्या कुळातली?

नमस्कार मंडळी. कीटकांच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

आमचं घर सिंधुदुर्गात, आंबोली घाटाच्या पायथ्याशी. परसामागून वहाळ जातो. दिवाळीनंतर पाणी नितळलं की तिन्हीसांजेला पडवीतल्या दिव्यावर पतंगासारखे करडे किडे येऊन बसतात. हे पतंग नव्हेत याची खात्री करून घेतली आहे. बोटाला भुकटी लागत नाही, पंखांवर खवल्यांऐवजी बारीक केस आहेत, तोंडाशी गुंडाळलेली सोंड नाही आणि बसताना पंख कौलारू छपरासारखे दोन्ही अंगांना उतरते ठेवतात. म्हणजे कॅडिस माशी. पण कुळ कोणतं, तिथे अडले आहे.

पांढऱ्या पंचावर पकडलेला एक किडा दहापट भिंगाखाली घेतला. पंखांच्या टोकापर्यंत लांबी 11 मिमी. मिश्या पंखांपेक्षा किंचित लांब. जबड्याच्या स्पर्शकाला पाच पेरं, त्यातलं शेवटचं बाकीच्यांपेक्षा खूप लांब आणि त्यावर गांडुळाच्या अंगावर असतात तशी वळी. नडगीवरचे काटे मोजले: मधल्या आणि मागच्या पायांवर चार-चार. पुढच्या डाव्या पायावर दोन, उजव्यावर मात्र एकच! मग 2-4-4 धरायचं की 1-4-4? याआधीचा किडा मी काडेपेटीत सुकाच ठेवला होता, त्याचे तीन पाय गळून गेले, म्हणून त्याच्याशी ताडूनही बघता येत नाही.

खरी अडचण डोक्यावर आहे. मिश्यांच्या मागे माथ्यावर फिकट पिवळे उंचवटे दिसतात. ते साधे डोळे (मोठ्या डोळ्यांखेरीज असणारे बारीक डोळे, ऑसेली) असतील तर फिलोपोटॅमिडी, नसतील तर हायड्रोसायकिडी, इथपर्यंत मी पोचले आहे. वळ्यांचं लांब पेर दोन्हीकडे असतं, त्यामुळे त्याचा उपयोग नाही.

एवढा कीस काढायचं कारण सांगते. आमच्या शाळेतली मुलं दर महिन्याला वहाळातले किडे वहीत नोंदवतात. पाण्यातल्या किड्यांवरून पाणी किती स्वच्छ ते ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या बीएमडब्ल्यूपी गुणपद्धतीत हायड्रोसायकिडीला 5 आणि फिलोपोटॅमिडीला 8 गुण आहेत. वरच्या अंगाला चिरेखाण सुरू झाली आहे. पाणी बदलतंय का, हे या वहीवरून कळावं अशी फार इच्छा आहे. चुकीचं कुळ लिहिलं तर मुलांची मेहनत वाया जाईल.

दगडाखाली जाळं विणून बसलेल्या अळ्याही मिळाल्या. छातीच्या तिन्ही खंडांवर कडक पाट्या, पोटाखाली झुपकेदार कल्ले. पण हीच अळी त्या माशीची, असं कशावरून म्हणायचं?

प्रतिसाद

ताई, अळीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. तिन्ही पाट्या आणि पोटाखाली फांद्या फुटलेले कल्ले म्हणजे हायड्रोसायकिडी. फिलोपोटॅमिडीच्या अळीला पहिल्या खंडावरच पाटी असते, कल्ले नसतात आणि वरचा ओठ पांढरा, मऊ, इंग्रजी टी अक्षरासारखा असतो. अळीची आणि माशीची जोडी लावायची तर पिकलेला कोश शोधा. आत माशी जवळपास तयार असते आणि अळीने टाकलेल्या पाट्या त्याच घरट्यात पडून असतात. पण अळी या कुळातली निघाली म्हणून दिव्यावरची माशीही त्यातलीच, असं धरू नका. एकाच वहाळात दोन्ही कुळं सुखाने नांदतात.

आता माशीकडे वळू. किडा स्पिरिटमध्ये बुडवा, केस चिकटून बसतील. मग बाजूने टॉर्च धरा. साधा डोळा गुळगुळीत, काचेच्या मण्यासारखा चमकतो. असे तीन असतात: दोन मोठ्या डोळ्यांच्या आतल्या कडेला, तिसरा पुढे मिश्यांच्या मध्ये. ज्यावर केस किंवा केस गळाल्याची बारीक भोकं दिसतील, ती केसाळ गाठ. नवख्यांची फसगत हमखास इथेच होते. काटा तुटला असेल तर जागी खळगा राहतो, तोही मोजायचा. आणि मधल्या पायाची नडगी चपटी, रुंद आहे का पाहा. हायड्रोसायकिडीच्या माद्यांत पुष्कळदा तशी असते, पाण्याखाली पोहत जाऊन अंडी घालायला.

गुणांबद्दल एक सांगावंसं वाटतं. ते ब्रिटनच्या नद्यांसाठी ठरवले आहेत, आपल्या वहाळाला जसेच्या तसे लावू नका. त्यापेक्षा दोन्ही कुळांच्या अळ्या वेगवेगळ्या मोजा. फिलोपोटॅमिडीच्या जाळ्याची वीण अतिशय बारीक असते. खाणीचा गाळ येऊ लागला तर त्या अळ्यांवर आधी लक्ष ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, मनापासून आभार! काल रात्री स्पिरिटमध्ये घालून पाहिलं. उंचवट्यांवर भोकं स्पष्ट दिसली, म्हणजे केसाळ गाठीच. पुढच्या उजव्या पायावर दुसऱ्या काट्याचा खळगा सापडला, म्हणजे 2-4-4. मधल्या नडग्या वल्ह्यासारख्या पसरट आहेत. हायड्रोसायकिडीची मादी, असं वहीत लिहिलं.

पण त्याच पंचावर एक लहान, काळीभोर माशीही होती. तिच्या डोक्यावर तीन चकचकीत मणी आहेत आणि पुढच्या दोन्ही पायांवर एकेकच काटा, खळगा कुठेच नाही. ही फिलोपोटॅमिडीतली किमारा असेल का?