पाच जण, तीन दिवस, पाच हजार रुपये: पुणे कसे पाहावे?

मु_पो_उदगीर

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण शुक्रवारी पहाटे पुण्यात पोहोचणार आहोत आणि रविवारी रात्रीच्या एसटीने स्वारगेटहून परत निघणार आहोत. मुक्काम कोथरूडला, वनाज मेट्रो स्थानकाजवळ राहणाऱ्या नणंदेकडे असल्यामुळे राहण्याचा आणि रात्रीच्या जेवणाचा खर्च नाही. शहरात फिरणे, तिकिटे, सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण यांसाठी मात्र पाच हजारांच्या वर जाता येणार नाही.

सोबत सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे दुखतात. सपाटीवर त्या सावकाश चालतात, पण चढ आणि पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. मुलगी आठवीत असून तिला इतिहासाची आवड आहे, आणि तिसरीतल्या मुलाला आगगाडीखेरीज कशातच रस नाही. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, सिंहगड आणि कात्रजचे प्राणिसंग्रहालय अशी आमची यादी असून मिसळ, मस्तानी आणि एकदा तरी पुणेरी थाळी खावी असे सर्वांच्या मनात आहे. दिवसभरासाठी गाडी ठरवल्याशिवाय हे जमणार नाही असे शेजारी सांगतात, पण गाडीतच निम्मे पैसे संपतील. गाडीशिवाय हे जमेल का, आणि यादीतले काही गाळायचे झाल्यास काय गाळावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पेठेतला_रहिवासी

गाडी ठरवू नका. तुमच्या यादीतली निम्मी ठिकाणे अशा भागात आहेत की तिथे गाडी लावायला जागा शोधण्यातच तास जाईल. पुण्यात तिकिटांवर फारसा पैसा जात नाही. तो रिक्षात आणि अवेळी लागलेल्या भुकेवर जातो. तुम्ही पाच जण असल्याने हे आधीच लक्षात घ्यायला हवे, कारण एका रिक्षात तिघेच बसतात, म्हणजे प्रत्येक वेळी दोन रिक्षा कराव्या लागतील आणि मीटरवर दिसेल त्याच्या दुप्पट खर्च मनाशी धरावा लागेल. म्हणून लांबचा पल्ला मेट्रोने गाठावा, जवळचे अंतर सासूबाईंच्या चालीने पायी कापावे आणि रिक्षा फक्त त्यांचे पाय थकल्यावर करावी.

वनाजहून मेट्रो थेट रामवाडीपर्यंत जाते. पेठांकडे यायचे असेल, तर जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून स्वारगेटकडे जाणारी दुसरी गाडी धरायची आणि कसबा पेठ स्थानकावर उतरायचे. जिल्हा न्यायालयाचे भूमिगत स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल असून वरच्या फलाटावरून तिथपर्यंत सरकत्या जिन्यांनी उतरत जाताना तुमच्या मुलाला जो आनंद होईल, त्यासाठी वेगळे तिकीट नाही. सासूबाईंसाठी उद्‍वाहक आहेच. भाडे दहा रुपयांपासून पस्तीस रुपयांपर्यंत असून शनिवार-रविवारी त्यावर ३० टक्के सवलत मिळते.

शुक्रवार पेठांसाठी ठेवावा. कसबा पेठ स्थानकावरून शनिवारवाडा जवळ आहे. तिथे प्रौढांना २५ रुपये तिकीट असून १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. आगाखान पॅलेसलाही हाच नियम लागू आहे. स्पष्टच सांगतो, वाड्याच्या आत आता जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ एवढेच उरले आहे, कारण १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. पाहण्यासारखा आहे तो दिल्ली दरवाजा. त्याच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे जवळून पाहिले, की हत्तीने धडक देऊ नये म्हणून केलेली ती योजना मुलीला वेगळी समजावून द्यावी लागणार नाही. तिथून लाल महाल, कसबा गणपती आणि दगडूशेठ हलवाई गणपती ही सगळी ठिकाणे चालण्याच्या टप्प्यात आहेत. दगडूशेठच्या गणपतीचे दर्शन रस्त्यावरूनही होते, त्यामुळे रांग मोठी असेल तर सासूबाईंना उभे ठेवण्याचे कारण नाही. पुढे तुळशीबाग, दुसऱ्या बाजीरावाचा १८०७ सालचा विश्रामबागवाडा आणि महात्मा फुले मंडई पाहून मंडईच्याच मेट्रो स्थानकावरून परत फिरावे. तुळशीबागेत काही विकत घेण्याचा विचार असेल तर तो खर्च या पाच हजारांत धरू नये, एवढाच माझा अनुभवी सल्ला.

याच भागात, बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. त्याचे तिकीट शनिवारवाड्यापेक्षा महाग आहे, तरीही यादीतले दुसरे काही गाळून ते पाहावे असे मी म्हणेन. काका केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा केलेला हा संग्रह १९७५ साली राज्य सरकारच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, फण्या, म्हणजे घरातल्याच वस्तू, पण एकेकीवर केलेली कारागिरी अशी की सासूबाईंना तिथे तुमच्या मुलीपेक्षा जास्त सांगण्यासारखे सापडेल. इमारत मजल्यांची आहे. तळमजला पाहून त्या बसल्या तरी चालेल.

कोथरूडची_मावशी

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. खाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमचे पैसे वाचले तर तिथेच वाचतील आणि गेले तर तिथेच जातील.

मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे, हे धरून चालावे. नारायण पेठेतल्या बेडेकरांकडची मिसळ किंचित गोडाकडे झुकणारी असून ती पावाऐवजी स्लाइसबरोबर मिळते, त्यामुळे मुले आणि सासूबाई ती बिनदिक्कत खाऊ शकतील. उदगीरकरांना ती कदाचित फिकी वाटेल; तसे वाटल्यास कर्वे रस्त्याकडची काटाकिर्र ही तिखट मिसळ गाठावी, पण तिथे मुलाला आपल्या ताटलीतले देऊ नये. पाच जणांसाठी एकदम पाच मिसळी मागवू नयेत. आधी तीन घ्याव्यात आणि रस्सा लागेल तसा मागत जावे, कारण रश्श्याची वाटी बहुतेक ठिकाणी पुन्हा भरून मिळते. जादा पैसे पडतात ते पावाचे किंवा स्लाइसचे.

थाळीच्या बाबतीत मात्र काटकसरीचा आणि हौसेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. अमर्याद थाळी पाच जणांनी घेतली तर एका जेवणाचे दीड हजाराच्या आसपास होतात, ती दोघांत वाटून चालत नाही आणि तसे पाटीवर लिहिलेलेही असते. तिसरीतला मुलगा आणि मिताहारी सासूबाई यांच्यासाठी तेवढे पैसे मोजण्यात अर्थ नाही. टिळक रस्त्यावरच्या बादशाहीसारख्या जुन्या बोर्डिंगमध्ये साधे जेवण मिळते: पोळी, एक पालेभाजी किंवा उसळ, एक सुकी भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. पुण्यातल्या घरात रोज काय शिजते ते तिथे कळते, आणि माझ्या मते पुणेरी थाळी म्हणतात ती हीच. फक्त अशा ठिकाणी वेळा कडक असतात, त्यामुळे साडेअकरा-बाराच्या सुमारासच नाव नोंदवून ठेवावे.

मस्तानी म्हणजे आटीव दुधाचा घट्ट पेला आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा. दोन मस्तानी पाच जणांना पुरतात आणि तीन घेतल्या तर कोणीतरी दुपारचे जेवण टाकते. सदाशिव पेठेतल्या सुजाताकडे गर्दी असेल तर हटून बसू नये, त्या परिसरात मस्तानीची इतरही चांगली दुकाने आहेत.

आणखी एक गोष्ट पाहुणे हमखास विसरतात, ती म्हणजे अमृततुल्यचा चहा. आता त्या नावाच्या पाट्या गावोगाव झाल्या असल्या, तरी पेठेतल्या जुन्या दुकानात पितळी पातेल्यापाशी दोन मिनिटे उभे राहून पाहावे. दूध, साखर आणि चहा एकत्रच उकळत असतात, खलबत्त्यात कुटलेली वेलची आणि सुंठ वरून पडते, चहावाला ओगराळ्याने तो उंचावरून पुन्हा पुन्हा ढवळतो आणि मग कापडातून गाळून किटलीत ओततो. सोबत क्रीमरोल घेतला की मुलांची चार वाजताची भूक भागते, आणि तेवढ्यासाठी हॉटेलात शिरून दोनशे-तीनशे रुपये घालवावे लागत नाहीत.

टेकडीवाला

यादीतून सिंहगड गाळू नये. रविवारी पहाटे स्वारगेटहून सिंहगड पायथ्याची पीएमपी (पुण्याची शहर बससेवा) बस पकडून वडील आणि दोन्ही मुलांनी गड चढावा, वर पिठले-भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातले दही खाऊन दुपारपर्यंत खाली यावे. सासूबाई आणि ताई तोपर्यंत सारसबागेत निवांत बसू शकतील. बसचे तिकीट आणि गडावरचे जेवण धरूनही हा सर्वांत स्वस्त दिवस ठरेल.

पेठेतला_रहिवासी

टेकडीवाल्यांचा उत्साह मान्य आहे, परंतु दोन हरकती आहेत. पहिली अशी की सून खालीच थांबणार हे कोणी ठरवले? सहलीचा सगळा हिशेब ज्या बाईंनी मांडला, त्यांनाच बागेत बसवून बाकीच्यांनी गडावर जाणे मला बरोबर वाटत नाही. दुसरी हरकत व्यवहाराची आहे. डिसेंबरअखेरच्या रविवारी गडावर आणि घाटात प्रचंड गर्दी असते, परतीची बस किती वेळाने मिळेल ते सांगता येत नाही आणि त्याच रात्री तुम्हाला एसटीने पुढचा लांबचा प्रवास करायचा आहे.

त्याऐवजी पर्वती चढावी. सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीचे दर्शन घेऊन सासूबाईंना तिथे बसवावे, त्यांच्यासोबत आळीपाळीने एकाने थांबावे आणि बाकीच्यांनी पलीकडच्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढाव्यात. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले देवदेवेश्वराचे मंदिर आहे. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ मध्ये नानासाहेबांचा अंत याच टेकडीवर झाला, हे आठवीतल्या मुलीला तिथे उभे राहून सांगता येते. वरून सगळे शहर दिसते. खर्च जवळजवळ शून्य आहे आणि स्वारगेट तिथून जवळ आहे, त्यामुळे नणंदबाईंकडचे कोणी सामान घेऊन संध्याकाळी थेट स्थानकावर आले तर कोथरूडची एक फेरी वाचेल.

कात्रजही गाळावे. ते बुधवारी बंद असते, त्यामुळे तुमच्या दिवसांना अडचण नाही, पण सुमारे १३० एकरांच्या आवारात सासूबाईंना फिरवताना अर्धा दिवस जाईल. मुलगा आगगाडीवेडा असल्याने त्याला वाघाची उणीव भासेल असे वाटत नाही, कारण कोथरूडमध्येच जोशी यांचे छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय आहे. टेबलाएवढ्या नव्हे, चांगल्या खोलीभर मांडलेल्या शहरातून गाड्या धावतात, सिग्नल पडतात, फाटक बंद होते. ते शनिवारी सकाळी पाहून तुम्ही आगाखान पॅलेसला निघू शकता.

कोथरूडची_मावशी

शनिवारसाठी एक पुरवणी. आगाखान पॅलेसला जायचे तर वनाजहून गाडी न बदलता कल्याणीनगर स्थानकावर उतरावे आणि उरलेल्या अंतरासाठी दोन रिक्षा कराव्यात. भारत छोडो आंदोलन सुरू झाल्यावर ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत गांधीजींना तिथे स्थानबद्ध ठेवले होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांचे पहिल्याच आठवड्यात आणि कस्तुरबांचे फेब्रुवारी १९४४ मध्ये तिथेच निधन झाले. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. मोठी झाडे आहेत, बसायला सावली आहे, सासूबाईंना ही जागा शनिवारवाड्यापेक्षा आवडेल. परतताना जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी पाहावीत. आठव्या शतकात एका खडकात कोरलेली ही लेणी पाहायला पैसे लागत नाहीत आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावरून ती फार लांब नाहीत.

मु_पो_उदगीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सिंहगड आणि कात्रज दोन्ही गाळले असून सुनेची बाजू मांडल्याबद्दल पेठेतल्या रहिवाशांचे विशेष आभार. हे उत्तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. आता दोनच शंका उरल्या आहेत. पीएमपीचा दिवसाचा पास काढावा का, आणि एसटीप्रमाणे त्यात महिलांना अर्धे तिकीट असते का? शिवाय सासूबाई शनिवारचा उपास करतात, तर त्या दिवशी त्यांच्या खाण्याची सोय कुठे होईल?

पेठेतला_रहिवासी

एसटीतली महिलांची निम्म्या भाड्याची सवलत पीएमपीत चालत नाही. दिवसाचा पास ७० रुपयांचा आहे, म्हणजे पाच जणांचे साडेतीनशे झाले. वर ठरवल्याप्रमाणे तुमचा बहुतेक प्रवास मेट्रोने होणार असल्याने तो काढू नये. एखाददुसऱ्या वेळी बसने गेलात तर सुटे तिकीट घ्यावे.

कोथरूडची_मावशी

उपासाची काळजी करू नये. पेठांतल्या आणि डेक्कनकडच्या बहुतेक उपाहारगृहांत साबुदाण्याची खिचडी मिळते, काही ठिकाणी उपासाची मिसळ आणि थालीपीठही असते, पण खिचडी सकाळीच असते आणि दुपारी विचारले तर संपली म्हणतात. शिवाय आगाखान पॅलेसच्या बाजूला उपासाचे शोधत हिंडावे लागेल. तेव्हा शनिवारी रेल्वेचे संग्रहालय पाहून झाल्यावर सासूबाईंना कोथरूडमध्येच खिचडी खाऊ घालावी, आणि शुक्रवारी मंडईतून फिरताना पेरू, संत्री व बोरे घेऊन ठेवावीत. या दिवसांत ती चांगली मिळतात आणि शनिवारी दुपारी बाकीच्यांनाही चालतील.