प्रेंडरगास्टला बाहेर बसवा म्हणणाऱ्यांना: दहा नंबर चार मॅचमध्ये तयार होत नाही

लिफीकाठ
शनिवारी, 22 नोव्हेंबर 2025 ला, डब्लिनमध्ये आपण, म्हणजे आयर्लंडची रग्बी टीम, साउथ आफ्रिकेकडून 24-13 असे हरलो आणि रविवारी ‘लाल जर्सी’ यांची पोस्ट वाचली. आपला तरुण दहा नंबर (फ्लाय-हाफ, म्हणजे संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू) प्रेंडरगास्ट याच्याबद्दल त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘प्रेंडरगास्टला दोन वर्षं लेन्स्टरमध्येच (डब्लिनच्या प्रांतिक संघातच) ठेवा. जो टॅकल करत नाही तो दहा नंबर नाही. मन्स्टरच्या क्राउलीला जर्सी द्या आणि विषय संपवा.’ वाचून डोकं इतकं तापलं की इथे सविस्तर लिहितोय.

पोरगा 22 वर्षांचा आहे. आपला जुना दहा नंबर सेक्स्टन आयर्लंडकडून पहिली टेस्ट खेळला तेव्हा 24 चा होता, आणि तो आज सगळ्यांना आठवतो तसा सेक्स्टन व्हायला पुढे कितीतरी वर्षं लागली. 2023 च्या वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडकडून 28-24 हरलो आणि तो निवृत्त झाला. त्यानंतर आपण काय केलं? 2024 ची सिक्स नेशन्स (युरोपातल्या सहा संघांची स्पर्धा) पूर्ण क्राउलीकडे. त्याच नोव्हेंबरात मधूनच प्रेंडरगास्ट. 2025 च्या सिक्स नेशन्समध्ये पहिल्या चार मॅच प्रेंडरगास्ट, रोमला क्राउली. या नोव्हेंबरात शिकागोतली न्यूझीलंडची मॅच आणि जपान क्राउलीकडे, ऑस्ट्रेलिया आणि साउथ आफ्रिका प्रेंडरगास्टकडे. संगीत खुर्ची चालली आहे नुसती. प्रत्येक पराभवानंतर गाणं थांबतं आणि एकजण उभा राहतो.

ऑस्ट्रेलियाची मॅच मी स्टेडियमवर जाऊन पाहिली. टीव्हीवर जे दिसत नाही ते तिथे दिसतं. बॉल दोन्ही हातांत, छातीपाशी. समोरचा डिफेंडर आपला खांदा वळवेपर्यंत हा पास सोडतच नाही. वळला की एक माणूस सोडून पलीकडच्याला पास. इतकं जवळ उभं राहून हे करायला छाती लागते, कारण पास सुटल्यावर अर्ध्या सेकंदात शंभर किलोचा माणूस अंगावर येणार हे त्याला माहीत असतं. ही नजर कोच देऊ शकत नाही. टॅकल कोच शिकवू शकतो.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये मी दहा नंबर खेळायचो. एका मॅचमध्ये दोन टॅकल सुटले, दोन ट्राय झाले, हाफटाइमला मला काढलं. पुढच्या मॅचला संधी मिळाली तेव्हा पास देण्याआधीच माझे पाय मागे सरकायला लागले होते. चूक नको, एवढंच डोक्यात. त्यानंतर मी कधी दहा नंबर खेळलो नाही. भीती बसलेला दहा नंबर संघाला काहीच देऊ शकत नाही.

लाल जर्सी
माझंच नाव घेतलंय तर उत्तर देतो. मी कॉर्कमध्ये अकरा वर्षं आहे आणि मन्स्टरची (कॉर्क-लिमरिककडचा प्रांतिक संघ) एकही घरची मॅच सहसा चुकवत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही म्हणता टॅकल शिकवता येतो. मग शिकवून झाल्यावर आणा ना! टेस्ट मॅच हा क्लास आहे का? दहा नंबर टॅकल करत नसेल तर काय होतं ते तुम्हाला नक्की माहीत आहे, पण तुम्ही ते लिहिलं नाहीत. समोरचा संघ आपला सगळ्यात जड माणूस त्याच्याच वाटेने पाठवतो. मग ओपनसाइडला (टॅकलनंतर बॉल चोरणाऱ्या फ्लँकरला) त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं. तो तिथे अडकला की ब्रेकडाउनवर, म्हणजे टॅकलनंतर बॉलसाठी होणाऱ्या झटापटीत, आपला एक माणूस कमी. म्हणजे बॉल चोरायचं काम ज्याचं, तो पहारेकरी झाला. शनिवारी आपले एकापाठोपाठ एक खेळाडू कार्ड घेऊन बाहेर बसले होते, अशा वेळी हे परवडत नाही.

आणि क्राउलीने काय पाप केलं होतं? 2024 मध्ये पाचही मॅच सुरुवातीपासून खेळला. मार्सेलमध्ये फ्रान्सला 38-17 ने मारलं, स्पर्धा जिंकली. त्याच नोव्हेंबरात न्यूझीलंडविरुद्ध एक मॅच हरलो, पुढच्या आठवड्यात अर्जेंटिनाविरुद्ध जिंकलो, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात क्राउलीची जर्सी गेली. मे 2023 ला मी अविवा स्टेडियमवर होतो. युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप या क्लब स्पर्धेची सेमीफायनल, लेन्स्टरच्या घरात, दोन मिनिटं उरलेली, आपण मन्स्टरवाले दोन पॉइंटने मागे. क्राउलीने ड्रॉप गोल मारला, 16-15. माझ्या शेजारी एक सत्तरीचे आजोबा होते, अनोळखी. ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. दोन आठवड्यांनी केपटाउनला जाऊन मन्स्टरने कप आणला. जो पोरगा हे करतो त्याला अजून काय सिद्ध करायचं राहतं?

भीतीची गोष्ट तुम्ही सांगितलीत. ती क्राउलीला लागू होत नाही का?

दादरचा बापू
मला रग्बी मुलामुळे कळायला लागलं, तो डब्लिनला असतो. पण शेवटचं वाक्य वाचून पद्माकर शिवलकर आठवले. 589 फर्स्ट क्लास विकेट, एकही टेस्ट नाही, कारण डावखुऱ्या फिरकीची जागा बेदींची होती. बेदी मोठेच होते, त्यात वाद नाही. पण आम्ही मैदानावर शिवलकर पाहिलेत. याच मार्चमध्ये ते गेले. त्या दिवशी आमच्या कट्ट्यावर कोणी चहा प्यायला नाही. क्राउलीचं असं होऊ नये एवढंच वाटतं.

लिफीकाठ
बापू, नमस्कार. पण क्रिकेटमध्ये दोन फिरकीवाले एकत्र खेळवता येतात, इथे दहा नंबर एकच. कोणीतरी बसणारच.

लाल जर्सी, क्राउलीला काढलं ते घाईने काढलं, हे मान्य करतो. मला ते म्हणायला आवडत नाही, पण मान्य. माझा मुद्दा मात्र तसाच उभा आहे. एकदा चूक केली म्हणून तीच चूक आता दुसऱ्याशी करायची का?

केपटाउनकर
तुम्ही दोघंही एकच गृहीत धरताय, की एकाला सलग खेळवलं तरच तो घडतो. शनिवारी तुम्हाला हरवलं त्या संघाकडे बघा. त्यांचा कोच रॅसी इरॅस्मसने या वर्षी पोलार्ड, लिबॉक आणि साशा फाइनबर्ग-म्नगोमेझुलू या तिघांनाही आळीपाळीने दहा नंबर दिला. साशाने जून 2024 मध्ये पहिली टेस्ट खेळली. या सप्टेंबरात डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध एकट्याने 37 पॉइंट केले, तीन ट्रायसकट. शनिवारी डब्लिनमध्येही ट्राय टाकला.

आणि 2023 आठवा. आयर्लंडविरुद्ध पूलमध्ये साउथ आफ्रिका 13-8 हरली ती किक चुकल्यामुळे. पोलार्डला त्याआधीच बोलावलं होतं. तो मूळ संघातही नव्हता, हुकर (स्क्रमच्या पुढच्या रांगेतला मधला खेळाडू) मार्क्स जखमी झाला म्हणून आला. म्हणजे हुकरच्या जागी दहा नंबर! इंग्लंडविरुद्धच्या सेमीफायनलला सुरुवात लिबॉकनेच केली. 31 व्या मिनिटाला त्याला काढलं, पोलार्ड आला, 78 व्या मिनिटाला जवळजवळ पन्नास मीटरवरून पेनल्टी, 16-15. फायनलचे बाराही पॉइंट पोलार्डचे. अर्ध्या तासात बाहेर काढलेला लिबॉक संपला का? नाही. अजून खेळतोय. बदलणं हा प्रश्न नाही. कोणत्या शब्दांत सांगून बदलता, हा प्रश्न आहे.

शॅननताई
मी लिमरिकला नर्स आहे. नवऱ्यापेक्षा जास्त मॅच मी बघते. तुम्ही सगळे कौशल्यावर बोलताय, पण मूळ दुखणं कोणी बोलत नाही. प्रेंडरगास्ट लेन्स्टरचा आहे म्हणून त्याला चार मॅच मिळतात. मन्स्टरच्या पोराला एक चूक परवडत नाही. आयरिश रग्बी युनियनचे सेंट्रल कॉन्ट्रॅक्ट (युनियनने खेळाडूशी थेट केलेले करार) बघा, बहुतेक कुठे आहेत ते.

आणि त्याच्याही मागे जा. डब्लिनच्या फी घेणाऱ्या शाळा. पंधराव्या वर्षी तिथल्या पोरांना जिम, आहार, व्हिडिओ, किकिंगचा वेगळा कोच. त्यांच्या शाळांच्या कपला भरलेलं स्टेडियम. माझा मुलगा साध्या शाळेत आहे, क्लबमध्ये खेळतो. बाराव्या वर्षापर्यंत तो दहा नंबर होता, हात इतके छान की बाकीचे पालक येऊन सांगायचे. मग क्लबमध्ये मुलांची एक मोठी निवड झाली, तिथे म्हणाले, ‘अंगाने लहान आहे, विंगवर टाका.’ दहा नंबर कोणाला दिला? कोचच्या ओळखीतल्याच्या मुलाला. माझा मुलगा थंडीत विंगवर उभा, अख्ख्या मॅचमध्ये दोनदा बॉल हातात. घरी येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. मागच्या सीटवर किकिंग टी (किक मारताना बॉल ठेवायचा छोटा स्टँड) हातात धरून बसला होता. आता तो हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) खेळतो.

लिफीकाठ
ताई, वाईट वाटलं वाचून. पण शाळेचा मुद्दा प्रेंडरगास्टला लावू नका. तो किल्डेअरचा, डब्लिनचा नाही. आणि तुमचा क्राउली बँडन ग्रामरचा, तीही फी घेणारीच शाळा. मन्स्टरचा जुना दहा नंबर ओ’गारा कॉर्कच्या प्रेझेंटेशनचा, तीही तशीच. मग मन्स्टर गरिबांचं आणि लेन्स्टर श्रीमंतांचं असं कसं म्हणता?

शॅननताई
मग तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात! तिघंही फीच्या शाळेतलेच. प्रॉप (स्क्रमच्या पुढच्या रांगेतला दणकट खेळाडू) गावातल्या क्लबातून येतो, फर्लाँगसारखा, वेक्सफर्डच्या शेतावरचा. कारण ताकद शेतावर मिळते. दहा नंबरला रोज दोन तास बॉल, मोकळं मैदान आणि चूक करायची मुभा लागते. ती मुभा फीच्या पावतीबरोबर मिळते. साध्या शाळेत एक मैदान, तेही कधी गेलिक फुटबॉलला, कधी हर्लिंगला. तुम्ही म्हणता दहा नंबर घडवायला वेळ द्या. बावीसाव्या वर्षी वेळ देताय. बाराव्या वर्षी कोण देणार?

लाल जर्सी
ताई, अगदी मनातलं. लिमरिकमध्ये तर रग्बी कामगारांचा खेळ म्हणून वाढली. उंच किकला जगभर ‘गॅरीओवेन’ म्हणतात, तो लिमरिकचा क्लब. त्या गावातल्या पोराला अंग लहान म्हणून विंगवर टाकतात, हे ऐकून संताप येतो.

केपटाउनकर
पण अंगाचा निकष सगळीकडेच लावतात. आमच्याकडेही शाळांचं राज्य आहे, पोरं चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर उचलतात. ताईंच्या मुलासारखे किती निसटतात कोण मोजतो? आमचा विंगर कोल्बी लहानखुरा होता म्हणूनच मागे टाकला जायचा, आज बघा.

डब्लिन आठ
इथे कोणीतरी मूळ प्रश्नावर या. लायन्स (ब्रिटन आणि आयर्लंडचा एकत्रित संघ) या वर्षी ऑस्ट्रेलियाला गेले, दहा नंबर म्हणून रसेल आणि दोन स्मिथ. आयर्लंडचा एकही नाही. आणि जागा झाली तेव्हा कोच अँडी फॅरेलने स्वतःच्या मुलाला, ओवेनला, बोलावलं. तोच कोच आता आपला दहा नंबर निवडतोय. यावर बोला.

लिफीकाठ
ओवेन फॅरेल शंभरावर टेस्ट खेळलेला माणूस आहे, आडनावावर आलेला नाही. बापाने मुलाला घेतलं म्हणजे वशिला, हे म्हणणं सोपं आहे. त्याने आयर्लंडच्या दोघांपैकी एकालाही नेलं नाही, यातून एक खरं कळतं: दोघंही अजून तयार नाहीत. म्हणूनच वेळ द्या म्हणतोय!

लाल जर्सी
म्हणजे निवड चुकली तरी तुमचा मुद्दा बरोबर, आणि निवड बरोबर ठरली तरी तुमचाच मुद्दा बरोबर? हा वाद कसला? तुम्ही मॅच बघून लिहिता की आधी निकाल लावून मग मॅच बघता?

लिफीकाठ
हे वैयक्तिक होतंय. मी तुमच्या मन्स्टरवरच्या प्रेमाबद्दल एक शब्द काढला नाही.

दादरचा बापू
अरे पोरांनो, दोघंही एकाच संघाचे आहात ना? डोकं शांत करा जरा.

लाल जर्सी
बापू, माफ करा. लिफीकाठ, तुम्हालाही. शनिवारपासून झोप झालेली नाही.

2011 बद्दल एक सांगतो, तेव्हा मी इथे नव्हतो, पण नंतर पूर्ण मॅच काढून बघितल्या. वर्ल्ड कपला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेक्स्टन, 15-6 जिंकलो. इटलीविरुद्ध ओ’गारा, जिंकलो. क्वार्टरफायनलला वेल्सविरुद्ध पुन्हा ओ’गारा, 22-10 हरलो. मला नेहमी वाटायचं, सेक्स्टनलाच ठेवायला हवं होतं. म्हणजे तेव्हा मी तरुणाच्या बाजूने, आणि आज म्हाताऱ्याच्या. क्राउली म्हातारा नाही, पंचवीसचा आहे, पण तुम्हाला कळलं. हे लिहिताना माझं मलाच जड जातंय. पोरगा बॉल हातात असताना सुंदर खेळतो. ते मी कधीच नाकारलं नव्हतं.

पण टॅकल. टॅकलवर मी एक इंच मागे हटणार नाही.

लिफीकाठ
हटू नका. मीही शनिवारची मॅच काल पुन्हा बघितली. साउथ आफ्रिकेचा माणूस त्याच्या वाटेने आला की ओपनसाइड कुठे उभा राहतो, तेवढंच बघत बसलो. तुम्ही सांगितलं तसंच आहे. मला ते आधी दिसलं नव्हतं.

तरीही फेब्रुवारीत पॅरिसला मी त्यालाच खेळवेन, क्राउली बेंचवर, आणि दोघांनाही जानेवारीतच सांगेन की पाचही मॅच हेच राहणार, हरलो तरी. सेक्स्टन आता कोचिंग स्टाफमध्ये आहे. स्पर्धा संपेपर्यंत रोज सरावानंतर त्या पोराला खांदा लावायला त्यानेच शिकवावं. तो स्वतः टॅकल करताना किती वेळा आडवा झाला ते सगळ्यांनी पाहिलंय.

लाल जर्सी
पाचही क्राउली, आणि प्रेंडरगास्ट बेंचवर, शेवटची वीस मिनिटं, थकलेल्या डिफेन्ससमोर. बाकी सगळं तुमचंच मान्य, जानेवारीत सांगण्यासकट.

शॅननताई, मुलगा अजून किक मारतो का? आमच्या इथे रविवारी सकाळी लहान मुलांचं सत्र असतं, अंग बघत नाहीत. लांब पडेल, पण एकदा घेऊन या.

शॅननताई
विचारते त्याला. टी अजून त्याच्या कपाटातच आहे.