रुग्णसंख्या शून्य आहे म्हणून फवारणी नको, हे बरोबर आहे का?

नवा_विश्लेषक:
साथरोगांच्या आकडेवारीचं काम हाती घेऊन मला फार काळ झालेला नाही. सध्या डेंग्यूचे आकडे बघतोय. 'अ' भागात रुग्ण भरपूर आहेत आणि दर आठवड्याला वाढताहेत. शेजारच्या 'ब' भागात गेले कित्येक आठवडे शून्य. दोन्हीकडे वस्ती तशीच, पाऊस तोच, डासही तेच. बैठकीत ठरलं की फवारणी, माणसं, चाचणी किट सगळं 'अ'ला द्यायचं. वर 'अ'च्या डॉक्टरांकडून खुलासाही मागवला, की रुग्ण एवढे वाढलेच कसे. मला हे पटत नाही, पण नेमका मुद्दा मांडता येत नाहीये. आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायची काही रीत आहे का?

लाइनलिस्ट:
आहे. आधी 'ब'चा शून्य तपासा. 'शोधलं, सापडलं नाही' हा एक शून्य आणि 'कोणी कळवलंच नाही' हा दुसरा. तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात, कारण रिकाम्या रकान्यात संगणकावर कोणीतरी ० भरून टाकतं. मूळ अहवाल मागवा. किती केंद्रांनी शून्य लिहून पाठवलाय आणि किती केंद्रांकडून काहीच आलं नाही, हे मोजा. अर्धी केंद्रं गप्प असतील, तर 'ब'मध्ये डेंग्यू नाही असं म्हणायला तुमच्याकडे काहीच आधार नाही.

पोलिओच्या सर्वेक्षणात हा प्रश्न फार सुंदर सोडवलाय, तो नीट समजून घ्या. तिथे नुसता पोलिओ शोधत नाहीत. १५ वर्षांखालच्या ज्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, ते प्रत्येक मूल नोंदवायचं, कारण काहीही असो. असा लुळेपणा गियाँ-बारे सिंड्रोमसारख्या इतर आजारांनीही येतो. म्हणजे पोलिओ संपला तरी दर लाख मुलांमागे वर्षाला किमान १ असं मूल सापडायलाच हवं. नाही सापडलं, तर पोलिओ नाही असा अर्थ काढायचा नाही, आपण शोधत नाही असा काढायचा. शिवाय लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांत, किमान २४ तासांच्या अंतराने विष्ठेचे दोन नमुने, आणि तेही किमान ८० टक्के मुलांचे. भारतातला वन्य पोलिओचा (म्हणजे लशीतून न आलेल्या, निसर्गातल्या विषाणूचा) शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पण पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं २७ मार्च २०१४ ला. मधली वर्षं हे नमुने तपासण्यात आणि ते निगेटिव्ह येताना बघण्यात गेली. नसलेला रोग असा सिद्ध करावा लागतो.

डेंग्यूला इतकं बांधीव माप नाही. पण तापाचे रुग्ण किती आले, त्यातल्या कितींचं रक्त तपासलं आणि कितींना डेंग्यू निघाला, हे तीन आकडे दोन्ही भागांचे शेजारी शेजारी मांडा. 'अ'मध्ये चाचण्या दुप्पट झाल्या असतील आणि पॉझिटिव्हचं प्रमाण खाली येत असेल, तर वाढीतला बराचसा भाग शोध वाढल्यामुळे आहे. 'ब'मध्ये मोजक्याच चाचण्या होत असतील, तर तिथला शून्य कशालाच पुरावा होत नाही.

पाणवठा:
ताई, पॉझिटिव्हिटी, म्हणजे तपासलेल्यांपैकी किती टक्के पॉझिटिव्ह, हे माप मी तरी जरा जपून वापरेन. कोविडच्या वेळी, मे २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने निर्बंध सैल करताना ५ टक्क्यांखाली दोन आठवडे असा एक निकष दिला होता, पण चाचण्या व्यापक असतील तरच. फक्त दाखल झालेल्या गंभीर रुग्णांचंच रक्त तपासलं तर प्रमाण भरमसाट दिसणार.

दुसरं म्हणजे सगळी आकडेवारी स्वच्छ होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. २०१३ मध्ये इस्रायलमध्ये सांडपाण्यात वन्य पोलिओ विषाणू सापडला. एकही मूल लुळं पडलेलं नव्हतं, तरी ऑगस्टमध्ये मुलांना तोंडावाटे लस द्यायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओ विषाणू मिळाला, तेव्हा १ ते ९ वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला गेला. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न बघता निर्णय घेता येतो. डेंग्यूत तसा आधीचा इशारा डासांच्या अळ्यांच्या पाहणीतून मिळतो. 'ब'मध्ये ती झालीय का?

लाइनलिस्ट:
पाणवठा, चाचण्यांबद्दलचं अगदी मान्य. म्हणूनच कोणाचं रक्त तपासलं हे आधी विचारायचं. अळ्यांचं चांगलं सुचवलंत. घरातल्या टाक्या, पिंप, टायर तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पण अळ्या म्हणजे रुग्ण नव्हेत, त्यामुळे त्यावरून धोका कळेल, साथ किती आहे ते कळणार नाही.

नवा_विश्लेषक, आणखी एक. तुमच्या लाइन लिस्टमध्ये, म्हणजे दर रुग्णामागे एक ओळ असलेल्या यादीत, ताप सुरू झाल्याची तारीख आहे, की फक्त अहवाल आल्याची? फक्त अहवालाची असेल तर तुमचा आलेख कर्मचाऱ्यांच्या सुट्ट्या दाखवतोय. रविवारी खड्डा, सोमवारी उंचवटा. आलेख नेहमी ताप सुरू झाल्याच्या तारखेवर काढा. मग शेवटच्या काही दिवसांत रेघ खाली वळलेली दिसेल, तिला भुलू नका. त्या दिवसांचे रुग्ण अजून दवाखान्यात पोचायचेत. 'साथ ओसरतेय' अशा घोषणा बऱ्याचदा याच वळणावर होतात, आणि मला त्याचा फार त्रास होतो, कारण त्यावर विसंबून माणसं खरंच काढून घेतली जातात.

ही तारीख चाचणीसाठीही लागते. विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-१ चाचणी तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत कामाची, त्यानंतर शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम बघायची. आठव्या दिवशी नुसती एनएस-१ करून निगेटिव्ह लिहिलेले रुग्ण 'ब'च्या यादीत किती आहेत, ते बघा.

नवा_विश्लेषक:
यादी उघडून बघितली. ताप सुरू झाल्याचा रकाना आहे, पण 'ब'मध्ये जवळजवळ रिकामा. बऱ्याच केंद्रांचे अहवालही आलेले नाहीत. खुलाशाचं मात्र काय करू? 'अ'चे लोक आता नोंदी करायलाच घाबरताहेत.

लाइनलिस्ट:
तो खुलासा मागे घ्यायला लावा, हे सगळ्यात निकडीचं. ज्यांनी शोधून कळवलं त्यांनाच जाब विचारला, तर पुढच्या महिन्यात 'अ'चाही शून्य होईल आणि साथ तशीच पसरत राहील. देवीच्या निर्मूलनात याच्या बरोबर उलट केलं होतं. नवा रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस ठेवलं. १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते १००० डॉलर केलं. भारतात १९७३ पासून घरोघर शोध सुरू झाला, तेव्हा आधीच्या नोंदींपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण निघाले. ते आकडे बघून शोध थांबवला असता तर मे १९७५ मधला रुग्ण भारतातला शेवटचा ठरला नसता.

बैठकीत एवढंच मागा: 'अ'ला जे दिलंय ते राहू द्या, पण थोडी चाचणी किट आणि तपासणारी माणसं 'ब'लाही द्या. अहवाल न आलेल्या केंद्रांची नावं तक्त्यात ० ऐवजी 'अहवाल नाही' अशी छापा. आणि 'ब'मधले खासगी दवाखाने व प्रयोगशाळा कळवणाऱ्यांच्या यादीत आहेत का, ते उद्याच बघा. तापाचा रुग्ण बऱ्याचदा आधी तिथेच जातो.