सोसायटीत बोर्डगेमचा कट्टा: त्याच चौघांचा अड्डा होऊ नये म्हणून काय करावं?

नवा_शेजारी: पुण्यातली नवी सोसायटी, कोणी कोणाला ओळखत नाही. दर शनिवारी संध्याकाळी क्लबहाउस दोन तास मिळणार आहे. ८ ते १४ जण येतील, वयं दहापासून सत्तरपर्यंत. हाताशी एक कॅरम आणि कॅटन नावाचा बोर्डगेम आहे. आणखी काय घ्यावं, आणि लोकांना बसवावं कसं?

पटावरचा_प्यादा: कॅटन सध्या कपाटातच राहू द्या. मूळ संचात ३ ते ४ जणच खेळतात आणि नवख्यांचा पहिला डाव नियम समजावण्यासकट दीड-दोन तास खातो. पाचवा माणूस आला की तो नुसता बघत बसणार, आणि पुढच्या शनिवारी कशाला येतोय?

कोडनेम्स घ्या, शब्द ओळखायचा खेळ. गटातला एक जण एक शब्द आणि एक आकडा असा इशारा देतो, बाकीचे त्यावरून टेबलावरचे आपल्या गटाचे तेवढे शब्द शोधतात. डाव साधारण १५-२० मिनिटांचा, दोन गट, उशिरा आलेला कुठल्याही गटात खपतो. टेबलावर २५ शब्द: सुरुवात करणाऱ्या गटाचे ९, दुसऱ्याचे ८, कोणाचेच नसलेले ७ आणि एक ‘मारेकरी’ शब्द. तो उघडला की डाव तिथेच हरला. इंग्रजी शब्दांवर ज्येष्ठ मंडळी अडतात, म्हणून पोस्टकार्ड कापून मराठी शंभरेक चिठ्ठ्या करा. दोन-दोन अर्थांचे शब्द निवडा: हार, वर, पान, तार, नाव, माळ. ‘लग्न, २’ म्हटलं की हार आणि वर दोन्ही सापडतात. ‘पराभव’ म्हटलं तर हार एकटाच. कुठला शब्द कोणाचा हे इशारा देणाऱ्याला दाखवणारं किल्लीचं कार्ड शब्दांच्या नव्हे, जागांच्या हिशोबाने असतं, त्यामुळे संचातलंच चालतं.

राणी_कव्हर: कॅरमला खरा धोका चांगल्या खेळाडूंचा. जिंकणारी जोडी बसून राहते आणि बाकीचे तासभर भिंतीला टेकून उभे. २५ गुणांचा सामना लावूच नका. एक बोर्ड, म्हणजे एक डाव, संपला की चौघांनीही उठायचं, पुढच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून.

भांडणं होतात ती प्रत्येक घरचे नियम वेगळे म्हणून. तीन गोष्टी कागदावर लिहून भिंतीला चिकटवा: अंगठ्याने मारलेलं चालतं का, राणी घेतल्यावर लगेच कव्हर नाही झाली तर ती परत मध्ये, स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला तर एक सोंगटी दंड. दिवा बोर्डाच्या बरोबर मध्यावर हवा, बाजूला असला की हाताची सावली नेमकी सोंगटीवर पडते. पावडर चिमूटभरच. आणि भेळ दुसऱ्या टेबलावर! बोरिक पावडरचे हात धुतल्याशिवाय मुलांना खाऊ देऊ नका.

नवा_शेजारी: सगळ्यांना शिकवत सुटणारे एक काका आहेतच. त्यांचं काय?

पटावरचा_प्यादा: सहकारी खेळ, म्हणजे सगळे मिळून एकाच बाजूने खेळतात असे, पँडेमिकसारखे, त्यांच्यापुढे ठेवू नका, एकटेच सगळ्यांच्या चाली सांगतील. कोडनेम्समध्ये त्यांना इशारा देणारा करा. आकड्यासकट एकच शब्द बोलायची परवानगी असते, बाकी चूप. नियम मात्र एकाच माणसाने सांगायचे, पाच मिनिटांत. उरलेलं खेळता खेळता.

राणी_कव्हर: शेवटची दहा मिनिटं आवराआवरीला राखा. ज्यांची अजून ओळख नाही अशा दोघांना मोजायला बसवा, गप्पा आपसूक सुरू होतात. कॅरमच्या १९ सोंगट्या. पुढे कॅटन काढलंत तर साधनांचे ९५ पत्ते, प्रत्येक प्रकारचे १९. कमी भरलं तर खुर्च्यांखाली बघायचं, दार बंद करायच्या आधी.