राणीबाग: आजी आणि दोन मुलांना घेऊन जायचंय, सुरुवात कुठून करावी?

डोंबिवलीकर_स

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर एक दिवस राणीबाग (भायखळ्याचं जिजामाता उद्यान) करायचं ठरलंय. आम्ही पाच जण आहोत: मी, नवरा, ७२ वर्षांच्या सासूबाई, ९ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सलग पंधरा-वीस मिनिटांपलीकडे चालणं होत नाही. मुलाला पेंग्विन हवेत, मुलीला वाघ. विचारायचंय ते असं:

कुठला वार धरावा? आधी पेंग्विन की आधी वाघ? डबा नेता येतो का? आणि डोंबिवलीहून आजींना घेऊन लोकलने जाणं झेपेल, की गाडीच काढावी?

भायखळा_पूर्व

आधी वाराचं बघू, कारण बरेच जण तिथेच फसतात. राणीबाग बुधवारी बंद असते. पण बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद. दिवाळीच्या आसपास जाणार असाल तर कॅलेंडरमध्ये हे आधी तपासा. एरवी वेळ सकाळी ९.३० ते संध्याकाळी ६. तिकीटखिडकी त्याच्या बरीच आधी बंद होते, त्यामुळे चारनंतर पोचण्यात काही अर्थ नाही.

रविवार शक्यतो टाळा. गर्दी तर असतेच, वर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी काही तास मार्ग बंद). सकाळी जाताना त्रास होत नाही, पण ब्लॉक साधारण अकरा ते चारच्या दरम्यान असतो आणि तुमची परतायची वेळ नेमकी त्यातच येते. फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवलेल्या असतात, डबे भरलेले, आणि दमलेलं चार वर्षांचं मूल कडेवर. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी आठची डोंबिवली आजींना झेपणार नाही, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून तुमच्यासाठी शनिवार बरा. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो लोकल पकडा, फास्टच्या नादी लागू नका. वेळ जास्त लागेल, पण सगळ्यांना बसायला मिळेल.

भायखळ्याला पूर्वेला उतरायचं. बागेपर्यंत मोठ्या माणसाला चालत दहा-पंधरा मिनिटं. आजींना चालवू नका, स्टेशनबाहेरून टॅक्सी घ्या. या भागात रिक्षा नसतात. अंतर कमी म्हणून एखादा टॅक्सीवाला नाही म्हणेल, पुढच्याला विचारा. बेस्टचा थांबाही बागेच्या दारातच आहे, ‘जिजामाता उद्यान’ नावाचा. गाडी काढायचं मनातून काढून टाका, सुट्टीच्या दिवशी ती लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते.

तिकीट: २०१७ पासूनच्या दरांप्रमाणे आई, वडील आणि १५ वर्षांपर्यंतची दोन मुलं असं चौघांचं कौटुंबिक तिकीट १०० रुपये. सुटं काढलं तर मोठ्यांना ५० आणि लहान मुलांना २५. ज्येष्ठ नागरिकांना मोफत, आजींचं आधार कार्ड जवळ ठेवा. खिडकीवर ‘फॅमिली’ असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर सुटी तिकिटं हातात पडतात. निघण्याआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर दर बघून घ्या. तिथेच ऑनलाइन तिकीट काढलंत तर एक रांग वाचते.

पाणवठा

वर वाराचं छान लिहिलंय. मी प्राण्यांच्या बाजूने लिहितो.

‘सगळं बघून होईल ना’ हा प्रश्न घरीच ठेवून या. बाग पन्नास एकरांहून मोठी आहे. सगळं बघायला निघालात तर प्रत्येक पिंजऱ्यापुढे दोन मिनिटं मिळतात आणि त्या दोन मिनिटांत प्राणी झोपलेला असतो. चार-पाच प्राणी ठरवा आणि प्रत्येकापाशी पंधरा-वीस मिनिटं थांबा. आजींच्या गुडघ्यांनाही हाच हिशेब बरा: वीस मिनिटं थांबा, दहा मिनिटं चाला.

वाघ दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो. नोव्हेंबरातही अकरानंतर मुंबईत ऊन चढतं आणि तो सावलीत पाय पसरतो. त्याला हिंडताना बघायची वेळ म्हणजे दार उघडल्यापासूनचा पहिला तास, नाहीतर संध्याकाळी पाचच्या पुढे. संध्याकाळी का? मोठ्या मांजरांना खाणं सहसा रात्रीच्या खोलीत देतात. ती वेळ जवळ आली की वाघ त्या दाराशी घुटमळायला लागतो. मुलीला ते दार हुडकायला सांगा. भिंतीत खालच्या अंगाला लोखंडी सरकतं दार असतं आणि त्याच्यासमोरची जमीन पायाखाली झिजून गुळगुळीत झालेली असते.

अजून एक: भारतातल्या बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो, सहसा बंदच्या दिवशी. जंगलात वाघाला रोज शिकार मिळत नाही, पोटालाही विश्रांती लागते. आजींना हे ऐकायला आवडेल.

पाणघोड्यापाशी मात्र घाई करू नका. लोक येतात, नुसतं पाणी बघतात आणि ‘नाहीये’ म्हणून निघून जातात. तो खाली असतो. तीन ते पाच मिनिटांत श्वास घ्यायला वर यावंच लागतं. मोबाइलवर घड्याळ लावा आणि मुलाला मोजायला सांगा. आधी नाकपुड्या येतात, फुर्रकन पाणी उडतं, मग कान वर येऊन भिंगरीसारखे फिरतात आणि त्यातलं पाणी झटकलं जातं. चार वर्षांच्या मुलाला हे वाघापेक्षा जास्त आवडतं. मगर तोंड उघडं ठेवून निश्चल पडलेली दिसली तर ती कुणावर धावून जाणार नाहीये, अंगातली उष्णता बाहेर टाकतेय. तिला उठवायला खडा मारणारे लोक दिसतात, तेव्हा मुलांना ही गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी.

अस्वल दिसलं तर त्याच्या तोंडाकडे बघा. आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी शोषून घेतं, तो आवाज लांबवर ऐकू येतो.

डोंबिवलीकर_स

खूपच उपयोगी, आभार! शनिवार पक्का. पण क्रमाचं अजून कळलं नाही. वाघ पहिल्या तासात, मग पेंग्विनच्या रांगेचं काय? आणि डब्याचं राहिलं.

शीतकक्ष

पेंग्विन आधी. शनिवार-रविवार आणि नाताळच्या सुट्टीत पेंग्विन कक्षाची रांग अकरानंतर वाढतच जाते आणि चार वर्षांचं मूल रांगेत अर्ध्या तासापलीकडे धीर धरत नाही. साडेनऊला आत शिरून सरळ तिथेच जा. लोक रेंगाळत येतात, तोवर तुमचं बघून झालेलं असतं.

आत काय बघायचं तेही सांगते. हे हम्बोल्ट पेंग्विन, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ मध्ये सोलहून आणले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळाले. मुलाला बर्फ दिसला नाही म्हणून तो हिरमुसेल, तर आधीच सांगून ठेवा: हे बर्फातले पेंग्विन नाहीत, थंड समुद्रप्रवाहाकाठच्या खडकाळ किनाऱ्यावरचे आहेत. म्हणूनच आतलं तापमान १६ ते १८ अंश ठेवतात. मुलाला पातळ स्वेटर, आजींना शाल. बाहेरच्या घामातून एकदम आत शिरलं की अंगावर काटा येतो.

एखादा पक्षी पाण्यात न उतरता, पिसं विस्कटलेला, कोपऱ्यात उभा दिसला तर तो आजारी आहे असं मानू नका. पेंग्विनांची सगळी पिसं वर्षातून एकदा एकदमच झडतात आणि नवी येतात. ते दोन-तीन आठवडे अंग पाण्याला टिकत नाही, म्हणून तो उभा राहतो. पंखांवरच्या रंगीत पट्ट्या बघा, पक्षी ओळखण्यासाठी त्या बांधतात. मुलाला सांगा, एक रंग निवड आणि त्याच्यावरच नजर ठेव. गर्दीत नुसतं काळं-पांढरं बघण्यापेक्षा त्याला एक आपला पक्षी मिळतो.

काचेवर टकटक करायची नाही, हे घरी दहा वेळा सांगा. आपल्याला तो बारीक आवाज वाटतो, पण काचेपलीकडे पाण्यात तो जोरात घुमतो. फ्लॅशही बंद.

पाणवठा

शीतकक्ष ताईंशी मी इथे जरा असहमत. शनिवारसाठी त्यांचं बरोबर आहे. पण कामाच्या मंगळवारी-गुरुवारी कुणी जाणार असेल तर उलटं करा: आधी वाघ, बिबट्या, अस्वल आणि भर दुपारी पेंग्विन. कक्ष वातानुकूलित आहे, उन्हाच्या वेळी तोच विसावा. फक्त नोव्हेंबर ते जानेवारीत शाळांच्या सहली साडेदहा ते एकच्या दरम्यान येतात, ती वेळ चुकवा.

तुमच्यासाठी: साडेनऊ पेंग्विन, सव्वादहाला वाघ. तोवर तो जागा असण्याची शक्यता बरी असते.

शीतकक्ष

मान्य. वाघापाशी काच असेल तर तिच्यावरचं प्रतिबिंब सगळा फोटो खातं. मोबाइलची भिंगाची बाजू काचेला अगदी टेकवा, आणि फोटो काढणाऱ्याने गडद रंगाचा शर्ट घाला. पांढरा कुर्ता काचेत दिवा लावल्यासारखा दिसतो. जाळी असेल तर भिंग जाळीच्या एका छिद्राला चिकटवा आणि प्राणी जाळीपासून लांब जाईपर्यंत थांबा. तो जाळीला टेकून बसला असेल तर तारा दिसणारच.

भायखळा_पूर्व

डब्याचं: प्लास्टिकच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं दारावरच काढून घेतात. तुम्ही स्टेशनवर पिशवीभर खाऊ घेतलात तर तिथेच खोळंबा. जेवण बाहेर उरकणं सगळ्यात सोपं: घरून पोटभर नाश्ता करून निघा, एक-दीडला बाहेर पडा आणि भायखळ्यात जेवा. पाणी स्टीलच्या बाटल्यांत, मोठ्यांना एक लिटर, मुलांना अर्धा.

खाऊ जवळ असलाच तर पिंजऱ्यापाशी काढायचा नाही. हरणांना पोळी-पाव खाऊ घालणाऱ्यांना वाटतं आपण पुण्य करतोय. हरीण गायीसारखं रवंथ करणारं. पोटातल्या जिवाणूंना चारा-पाल्याची सवय असते, पीठ एकदम गेलं की पोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावू शकतं. प्लास्टिक गेलं तर ते बाहेरच पडत नाही, पोटात गोळा होतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) कलम ३८-जे प्रमाणे प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आरडाओरडा करून त्रास देणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शेजारी कुणी असं करताना दिसलं तर स्वतः वाद घालू नका, सुरक्षारक्षकाला बोलवा.

मुलं हरवण्याचं: गर्दीच्या दिवशी हे होतं. दाराशी शिरताना दोघांचा पायापर्यंत पूर्ण फोटो काढा, म्हणजे आज अंगात काय आहे ते आठवत बसावं लागत नाही. धाकट्याच्या मनगटावर बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा. खिशातली चिठ्ठी तो काढून फेकेल. मोठीला भेटायची जागा एकच सांगा: पेंग्विन कक्षाचं दार.

झाडपाला

सगळे प्राण्यांवर लिहितायत, आणि आजींसाठी खरी मेजवानी वेगळीच आहे. ही बाग १८६१-६२ ची, आणि मुळात ती वनस्पती उद्यान आहे. मुंबईत इतकी जुनी, इतक्या जातींची झाडं एका आवारात सापडणं कठीण. सावलीतले बाक हेरून ठेवा आणि वाघाकडे तुम्ही जाल तेव्हा आजींना झाडांपाशी बसवा.

शोधायची तीन. गोरखचिंच: खोड हत्तीच्या पायासारखं, दोघा-तिघांच्या कवेत न मावणारं. कैलासपती: फुलं फांद्यांच्या टोकाला नाहीत, थेट खोडावर लटकलेली, आत पिंडीवर नागफणा धरल्यासारखी रचना. जमिनीवर पडलेलं फूल आजींच्या हातात द्या, वास तीव्र गोड असतो. झाडाखाली मात्र उभं राहू नका, फळं तोफगोळ्याएवढी जड असतात आणि पडतात. तिसरं उर्वशी, लाल फुलांचे घोस खाली लोंबतात. फुलं बहुतेक हिवाळ्याच्या अखेरीस येतात, नोव्हेंबरात नुसती पानं बघावी लागतील. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. मुलीला वही-पेन्सिल द्या आणि पाच नावं उतरवायला सांगा.

शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या आवारातला दगडी हत्ती घारापुरीचा, तोच, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. दक्षिण मुंबईतला काळा घोडा हा भाग ज्या घोडेस्वाराच्या पुतळ्यामुळे काळा घोडा झाला, तो मूळ पुतळाही १९६५ मध्ये इथेच आणून ठेवला. आजींना तो आठवत असण्याची शक्यता आहे, नक्की दाखवा.

डोंबिवलीकर_स

सासूबाईंना वाचून दाखवलं. काळा घोडा त्यांनी मूळ जागी पाहिलाय म्हणे, आता वाघाच्या आधी तिकडेच जायचंय. मुक्त पक्षीविहारात (पक्षी मोकळे आणि आपण त्यांच्यात चालायचं, तिथे) लहान मुलाला न्यावं का?

पाणवठा

न्या. दोन दारं असतात: पहिलं पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, पक्षी निसटू नयेत म्हणून. मुलाला मध्ये धावू देऊ नका, हात धरा. डोक्यावर टोपी हवीच, वर पक्षी बसलेले असतात. आत गेल्यावर चालत सुटू नका, एका जागी पाच मिनिटं उभे राहा, पक्षी आपणहून खाली उतरतात. आणि मुलाच्या हातात बिस्किट नको.